उत्तमरावांच्या भोंग्याची तार

नत्थुजी मिस्त्री कोणाच्या मोटारीले हात लावायच्या आधी बॉनेट उघडून नुसता वास घेत. तेल जळते का, रबर करपते का, हे त्यांच्या नाकाले आधी कळे. बडनेरा रोडवर कडुलिंबाखाली त्यांचं काम चाले. जातीचे माळी, बापानं जन्मभर गेंदाच्या फुलांचे हार बांधले, यांनी मोटारीच्या तारा बांधल्या.

महायुद्धाची लढाई संपली त्याच्या दुसऱ्या वर्षी नांदगाव खंडेश्वरच्या उत्तमरावांनी लष्करी लिलावातला ट्रक घेतला. ते लढाईत मोटारच हाकत, म्हणून ड्रायव्हर ठेवायची गरज नव्हती. पण मूळचा भोंगा कोणी ऐके ना. कपाशीच्या हंगामात रस्ताभर बंड्यांची रांग. बैलाले वाट पाठ, गाडीवान गोणपाटाच्या बोंदऱ्यावर झोपलेला. उत्तमरावांनी मोठा विजेचा भोंगा आणला आणि नत्थुजींनी तो बसवून दिला.

तार बॅटरीपासून, बटणाच्या तारेसंगं, इंजिनावरून पुढे न्यायची होती. नुसती ठेवली तर पत्र्यावर घासणार, म्हणून नत्थुजींनी तिच्यावर धोतराच्या चिंध्या गुंडाळल्या. चिंधी तेलात भिजवली की पाणी धरत नाही, हे त्यांना ठाऊक. जवसाचं तेल घरातच होतं. ते कढवून राळ घालायची असते; पण बायकोची, पार्वताबाईची, चूल भाकरींनी अडली होती आणि उत्तमराव घाई करत होते. कच्च्याच तेलात चिंध्या बुचकळल्या आणि तार झाकली. काम देखणं झालं.

पंधरा दिवसांनी ट्रक अमरावतीच्या एका जिनिंगच्या कारखान्याच्या आवारात कपाशी उतरवून उभा होता. भोंगा आपोआप वाजायले लागला, थांबे ना, मागोमाग बॉनेटमधून धूर. चार हातांवर सरकी काढलेल्या रुईची गंजी. उत्तमरावांनी पटका हाताले गुंडाळून तार उपटली म्हणून निभावलं. मुनीम ओमप्रकाशजींनी तेव्हाच ट्रक बाहेर काढायले लावला. उत्तमरावांचा हंगाम तिथंच बसला. त्यांनी नत्थुजींले येऊन सांगतलं, की आता तुमच्या हातची गाडी कोणतंच जिन आत घेणार नाही.

नत्थुजींनी जळकी तार हातात घेऊन पाह्यली. चिंध्या कुरतडल्या होत्या, आतलं तांबं उघडं पडून पत्र्याले टेकलं होतं. सरकीवर पोसलेले जिनातले उंदीर. नत्थुजींनी तार हुंगली, अजून जवसाचा वास होता.

"उंदराची चूक नाही," ते म्हणाले. "म्या त्याले ताट वाढून ठेवलं."

मग दोन दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून नवी तार ओवली. धुराच्या नळीपासून तिला वीतभर लांब नेलं. पत्र्याच्या भोकात चामड्याची चकती घातली. दर चार बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ मारली, हाराले मारतात तशी, ताणली की आवळणारी. आणि बॅटरीजवळच एक फ्यूज बसवला. तो आधी राहून गेला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रक जिनाच्या फाटकावर नेला. ओमप्रकाशजी बाहेरच आले.

"आमी फाटकावर बिड्या काढून घेतो," ते म्हणाले, "अन् तू इंजनात चूल पेटवून आणतं?"

"मागच्या खेपेले आणली होती," नत्थुजी म्हणाले. "तेल कच्चं होतं, फ्यूज नव्हता. चूक माहीच. आता पाहा."

भोंग्याकडचं टोक त्यांनी सोडवलं आणि सगळ्यांदेखत उघडं तांबं गाडीच्या लोखंडाले टेकवलं. उत्तमराव दोन पावलं मागं सरकले. बॅटरीपाशी टच् झालं. फ्यूजची तार तुटली, बाकी काही नाही. नत्थुजींनी मुनिमाचा हात धरून तारेवर ठेवला. गार होती.

ओमप्रकाशजींनी हात धोतराले पुसला. म्हणाले, गाडी येऊ द्या, पण दर आठव्या दिवशी बॉनेट उघडून दाखवायचं, अन् दाखवायले या मिस्त्रीनंच यायचं. उत्तमरावांले ते पटलं नाही. नत्थुजींले पटलं, नवा फ्यूज घालता घालता त्यांनी मान हलवली.

आठव्या दिवशी ते नांदगावच्या गाडीची वाट पाहत फाटकावर हजर होते. बॉनेट उघडलं, वास घेतला, मग तारेवरून बोट फिरवलं. ट्यूबले दोन जागी उंदराचे दात लागले होते. चाखून सोडून दिलं होतं. तांबं झाकलेलंच होतं. नत्थुजींनी तेवढा तुकडा बदलला आणि मुनिमानं विचारायच्या आधी दातांच्या खुणा त्याले दाखवल्या.