समोरची भिंत

माझ्या चित्रासमोर उभा राहिला की तो उजवा तळहात वर करायचा आणि चित्राचा एक भाग झाकायचा. मग विचारायचा, "सर, एवढं नसतं तर काय बिघडलं असतं?"

काहीच बिघडलं नसतं, हे मला त्याच क्षणी दिसायचं. म्हणून तर त्याचा राग यायचा.

शहागंजात तुम्ही कधी फिरला असाल तर त्याच्या हातचं अक्षर तुम्ही वाचलेलं आहे. अत्तरवाला, चष्मेवाला, दोन दवाखाने, सगळ्यांच्या पाट्या त्याच्याच. पुढं फ्लेक्स आले, पाट्या संपल्या आणि हा गृहस्थ घरी बसून चित्रं काढू लागला. मी चित्रकलेचा शिक्षक, डिप्लोमा फ्रेम करून लावलेला. त्यानं कुठल्या कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. तरी आमच्या चित्रकार मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात दारासमोरची भिंत दरवर्षी त्यालाच मिळायची.

त्या भिंतीचं मोल आम्हालाच ठाऊक. आत आलेला माणूस पहिल्यांदा तिच्याकडे बघतो. पाहुणे तिथंच फोटो काढून घेतात. मी मात्र वर्षानुवर्षं कडेच्या भिंतीवर. सरळ सांगतो, मी जळत होतो. फुलंब्रीच्या बसला टेकून जांभई देणारा कंडक्टर त्यानं काढला, तेव्हा तर दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

एका वर्षी चित्रं लावायचं काम माझ्याकडे आलं. मी माझं चित्र समोर लावलं आणि त्याचं आतल्या कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या मशीनशेजारी. विचारलंच तर 'आकारामुळे' म्हणायचं, हेही ठरवून ठेवलं.

त्यानं विचारलं नाही. कोपऱ्यात जाऊन आला आणि म्हणाला, "बरं केलं सर. पाणी प्यायला तर समदेच येत्यात."

आलेही. पेला हातात धरून लोक तिथं इतका वेळ उभे राहायचे की मागच्यांना पाणी मिळेना.

मग तो माझ्या चित्रापुढं आला. दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं विकणारी बाई काढली होती मी. त्याचा तळहात वर गेला, चित्रावरून डावीउजवीकडे फिरला आणि खाली आला.

"ह्यात झाकावं असं काय नाय, सर. लई ब्येस झालंय."

या एका वाक्यासाठी मी इतकी वर्षं थांबलो होतो, आणि ते आलं नेमकं त्या दिवशी. त्याच्या हाताचा हेवा मला होताच, आता मनाचाही वाटू लागला. प्रदर्शन आठ दिवस चाललं. हातोडी माझ्याच पिशवीत होती. मी त्याचं चित्र हलवलं नाही.

पुढचं प्रदर्शन यायच्या आत तो हार्टअटॅकनं गेला.

यंदाच्या प्रदर्शनाला त्याची मुलगी कन्नडहून एसटीनं आली, जुन्या चादरीत गुंडाळलेलं त्याचं शेवटचं चित्र घेऊन. "जयभीम सर," म्हणाली. मी तिच्यादेखत माझं चित्र उतरवलं आणि त्याचं दारासमोर लावलं. जरा हलकं वाटलं.

ती मात्र घुटमळली.

"सर, पाण्याच्या मशीनपाशी लावता का? बाबा सांगायचे, एवढ्या वर्षांत सगळ्यात चांगली जागा तीच मिळाली. लोकं निवांत बघत्यात म्हणायचे. सरांनी इचार करून दिली म्हणायचे."

मी 'हो' म्हणालो. चित्र कोपऱ्यात नेलं. खिळा केव्हाच आत गेला होता, तरी तिच्याकडे पाठ करून मी ठोकतच राहिलो.