मांजरीसाठी कापलेलं दार

आमच्या घराच्या मागच्या दारात, अगदी तळाशी, एक लहान झडप आहे. पारदर्शक प्लास्टिकची. ती फक्त आमच्या मांजरीला उघडते. दुसऱ्या मांजराने कितीही डोकं आपटलं तरी ढिम्म हलत नाही. ही झडप मी निवडली. वाचून, मोजून, चार ठिकाणी विचारून निवडली, आणि ती आजही बिनचूक चालते. त्यामुळे तिच्याबद्दल तक्रार करायला मला जागा नाही.

चारकोपला आमची बैठ्या घरांची रांग आहे. भिंतीला भिंत लागून घरं, पुढे छोटा ओटा, मागे कपडे वाळत घालण्यापुरती जागा. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मला शहराचं काहीच कळत नव्हतं. शाळा-कॉलेज साताऱ्याकडच्या तालुक्याच्या गावात झालेलं, घराण्यात पहिली पदवी माझी. वडिलांनी माझं प्रमाणपत्र देवघराशेजारी टांगलं होतं. इथे त्या पदवीचं कौतुक केलं ते शेजारच्या काकूंनी. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायच्या, "ही आमच्या लायनीतली बीयस्सी सून." लाइटबिल, बँकेचं पत्र, औषधाची बाटली, काय असेल ते घेऊन माझ्याकडे यायच्या. मला ते आवडायचं. आपण शिकलो ते कुणाच्या तरी कामी येतंय, याहून मोठं सुख मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या दिवशी डबासुद्धा काकूंनीच भरून दिला होता.

काकू मालवणकडच्या. बांगडा कसा साफ करायचा, सुरमईचं डोकं कशात घालायचं, हे मला त्यांनी शिकवलं. त्यांच्या घरातून वाटी यायची: तिखलं, सोलकढी, घावन. ती वाटी मी रिकामी परत करायची नाही, हे मला आईने शिकवलेलं आणि त्यांना त्यांच्या आईने. मी झुणका घालून पाठवायची, कधी शेंगदाण्याची चटणी, घाईत असले तर निदान चमचाभर साखर. त्यांची एक वाटी कायम माझ्याकडे आणि माझी एक त्यांच्याकडे, अशी वर्षं गेली. त्यांच्या वाटीवर काकांचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं.

मांजरही त्यांच्याकडूनच आलं. त्यांच्या म्हाताऱ्या मांजरीने शिलाई मशीनखाली पिल्लं घातली होती. त्यातलं एक पांढरं-काळं उचलून काकूंनी माझ्या ओटीत टाकलं. "घे. घरात पोर नाय तर निदान मांजर तरी असू दे." असं त्या तोंडावर बोलायच्या. मी चिडले नाही. पिल्लू ठेवून घेतलं.

काका गिरणीत होते, गिरणी गेल्यावर पहारेकरी झाले. मी आले त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी पथ्याचा इंग्रजी कागद दिला. काकू तो घेऊन माझ्याकडे आल्या. मी तो मोठ्या अक्षरांत मराठीत उतरवून त्यांच्या स्वयंपाकघरात चिकटवला. मीठ नाही, सुकी मासळी नाही, पाणी मोजून. काका बसल्या जागेवरून मला हाक मारायचे, "गो बाय, त्या कागदार खंय बांगडो लिवलेलो आसा काय बघ मा." मी म्हणायची, "नाही काका, सगळा शोधला." ते हसायचे. काकू मात्र हसायच्या नाहीत. त्यांनी तो कागद अक्षरन् अक्षर पाळला. पुढच्या वर्षी काका गेले.

आमची मांजर आठ-नऊ वर्षांची झाली आणि पाणी फार प्यायला लागली. वजन उतरलं. कांदिवलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, किडन्या. सुदैवाने फार उशीर झालेला नव्हता. त्यांनी खास खाणं लिहून दिलं, करड्या रंगाचे दाणे. म्हणाले, "हेच द्यायचं, दुसरं काही नाही. बाहेरचं तर अजिबात नाही. हे पाळलंत तर मांजर बरीच वर्षं काढेल."

अडचण अशी की आमची मांजर सावकाश खाणारी. दोन दाणे खायची, ओट्यावर जाऊन बसायची, तासाभराने परत येऊन आणखी दोन. म्हणजे खाणं दिवसभर उघडं ठेवायला हवं. आणि मागच्या पत्र्याच्या दाराचा खालचा कोपरा गंजून गेला होता. तीच तिची वाट होती, आणि काकूंच्या मांजरांचीही. आम्ही दोघं कामावर गेलो की काकूंचा पट्ट्यांचा बोका, त्याची बहीण आणि कोण कोण आत यायचं. वाडगं चाटून-पुसून साफ. वर बोका कपाटाच्या पायाशी मुतून जायचा. आमची मांजर पलंगाखाली, उपाशी. ती खातेय की बोका खातोय, हेच कळेना. डॉक्टर विचारायचे, "खाणं नीट जातंय ना?" मी काय सांगणार?

भोक बुजवलं तर तिची बाहेर जायची सोय बंद. तेव्हा मी झडपांचा अभ्यास सुरू केला. अभ्यास हाच शब्द बरोबर आहे. माझ्या नवऱ्याला, तो जन्माने मुंबईकर, हे सगळं हास्यास्पद वाटत होतं.

"पट्ट्यात लोहचुंबक असतं," मी त्याला वाचून दाखवत होते. "चुंबक जवळ आलं की झडप उघडते."

"झकास. आणि ती गॅसच्या शेगडीजवळ गेली की तिथेच चिकटून बसेल."

"म्हणून ते नकोच. शिवाय पट्टा पडला की संपलं. दुसरा प्रकार चिपचा. मानेच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप घालतात, तिचा नंबर झडप ओळखते."

"म्हणजे आधारकार्ड काढ ना सरळ. ये रे बोक्या, पत्त्याचा पुरावा दाखव."

तरी शिंप्याच्या टेपने मांजरीचे खांदे मोजताना तिला धरून बसला तोच. चिपच्या झडपांतही दोन जाती निघाल्या. एक फक्त आत येणाऱ्याचा नंबर तपासते, बाहेर कुणीही जाऊ शकतं. दुसरी दोन्हीकडे तपासते आणि सांगाल त्या मांजराला बाहेर सोडत नाही. मी पहिली घेतली. आमच्या मांजरीला कोंडायचं नव्हतं मला, फक्त दुसऱ्यांना थांबवायचं होतं. आत यायला मज्जाव, जायला मोकळीक. मला ते न्यायाचं वाटलं. बाजूला एक खटका होता, अगदीच वेळ आली तर जाणंही बंद करता येत होतं. तो लागणार नाही असं मी धरून चालले. पत्र्याजवळ चिप वाचली जात नाही, हेही मला वाचूनच कळलं. म्हणून दाराचा खालचा भाग कापून तिथे प्लायवूड बसवायचं ठरलं.

सुतार यायच्या आदल्या दिवशी मी काकूंकडे गेले. त्यांना आधी सांगायला हवं असं मला वाटलं. मी चित्र दाखवून समजावलं, चिप म्हणजे काय, झडप कशी काम करते. "तुमच्या मांजरांना काही इजा होत नाही काकू. फक्त त्यांना आत येता येणार नाही."

काकू लसूण सोलत होत्या. "मांजराला कोण दार लावतं गं?"

"तिच्या पथ्यासाठी काकू."

पथ्य हा शब्द त्यांनी ऐकला आणि हातातली पाकळी तशीच ठेवली. मग म्हणाल्या, "बरं. तुझं घर, तुझं दार."

त्या महिन्यात काकांचं श्राद्ध होतं. काकूंनी नेहमीप्रमाणे वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार पाठवलं, काकांच्या नावाच्या वाटीतून. म्हणून मला वाटलं, सगळं ठीक आहे.

झडप बसली त्या दिवशी काकू मागच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. आमची मांजर पहिल्यांदा बिचकली, मग नाक लावलं, टिक झालं, आत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच. मागोमाग बोका आला. त्याने कपाळाने ढकललं, पंजाने ओरबाडलं. मग वळून काकूंकडे पाहिलं.

"बघ, ओळखत नाय तुका," काकू त्याला म्हणाल्या. "तिच्या आयशीच्या घरातलो तू. पण तुझ्या मानेत काय नाय मा." त्याला काखोटीला मारून निघून गेल्या.

आठवडाभर वाडगं हिशेबात राहिलं. मग मांजर आतलं खाईना. दाणे होते तसेच संध्याकाळी. मी वास घेऊन पाहिला, ताजं पाकीट फोडलं, कोमट पाण्यात भिजवलं. पण दुपारी ती झडपेतून बाहेर पडायची, थेट काकूंच्या मोरीपाशी. तिथे मासळी साफ व्हायची तेव्हा सगळ्या मांजरांची पंगत बसायची आणि तिला पहिला मान मिळायचा. हे मला कळलं रक्ताचा नवीन अहवाल आल्यावर, एका सुट्टीच्या दुपारी. आमची मांजर बांगड्याचं डोकं खात होती, डोळे मिटून. मिठात सुकवलेला बांगडाही होता बाजूला.

"काकू, हे तिला विष आहे."

"विष कसलं? तिची आई ह्याच्यावर वाढली."

"तिच्या किडन्या गेल्यात. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणून देते. किती दिवस राहिलेत तिचे? खाऊ दे की मेलीला."

"नीट पाळलं तर वर्षं राहिलीत."

तेव्हा काकू उठल्या. मासळीचे हात तसेच. आणि इतक्या वर्षांत माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या तशा मालवणीत बोलल्या. "म्हातारो बांगडो बांगडो करीत गेलो. तू वाचलंस, मी आयकलंय. काय झाला? ऱ्हवलो काय तो?"

"त्या कागदामुळे काका वर्षभर जगले, काकू."

हे खरं होतं. डॉक्टरांनी मला तसं सांगितलंही होतं. मी आजही तेच म्हणेन.

"जगले?" काकू म्हणाल्या. "अळणी पेज खाऊन भिंतीकडे बघत बसायचं, त्याला जगणं म्हणतेस तू? शिकलेली ना?"

मी मांजर उचललं. तिने मला ओरबाडलं. घरी आले आणि झडपेचा खटका फिरवला. आता बाहेरची वाटही बंद. कोपऱ्यात रेतीचा ट्रे ठेवला. त्या संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "चूक तुझी नाही गं," म्हणाला, "पण काकू पण..." आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर ओट्यावर माझी वाटी होती. घासलेली, पालथी घातलेली. खाली साखरेचा दाणासुद्धा नव्हता.

मी रागाने ती आत घेतली. राग मला होता आणि आहे. त्यांच्या दुःखाला मी नाही म्हणत नाही. पण माझ्या मांजरीचा जीव त्या दुःखावर उतारा म्हणून देण्याचा हक्क त्यांना कुणी दिला? काकांना जे दिलं नाही ते त्या तिच्या तोंडात घालत होत्या. आणि ज्या पदवीचं लायनीत कौतुक केलं, तीच आता शिवीसारखी वापरली. तो कागद लिहिताना मी किती मन लावून लिहिला होता. शब्द सोपे केले होते, खाली रेघा मारल्या होत्या.

होळीला मी पुरण घातलं. काकांच्या नावाच्या वाटीत भरलं आणि त्यांच्या दारात गेले. आमच्या रांगेत दिवसा कुणी दार लोटत नाही. त्यांचं लोटलेलं होतं. आत टीव्ही चालू होता. मी हाक मारली, पुन्हा मारली. टीव्हीचा आवाज थोडा वाढला. बोका खिडकीतून डोकावला, वाटीचा वास घेतला, परत आत गेला. मी घरी आले. पुरण नवऱ्याने खाल्लं.

मांजर जिवंत आहे. वजन वाढलंय. परवाचा अहवाल पाहून डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारखे पाळणारे लोक कमी असतात." दुपारी ती झडपेसमोर बसते. पलीकडे बोका येऊन बसतो. प्लास्टिकच्या दोन्ही बाजूंना नाकांचे डाग पडतात, ते मी रविवारी ओल्या फडक्याने पुसते.

काकूंची वाटी मांडणीत आहे. ती रिकामी परत करणं मला जमणार नाही, आणि भरून नेली तर दार उघडत नाही. भांडी लावताना काकांचं नाव भिंतीकडे येईल अशी ठेवते.