वळणावर पडलेलं 'नाही'

आमच्या सासूबाईंचा आवाज असा, की शेजारणीला चहाला बोलवायचं तर त्या फोन करत नाहीत, नुसत्या खिडकीत उभ्या राहतात. या आवाजावरच त्यांना पालिकेत काम मिळालं. गाडीवर कर्णा बांधायचा आणि साहेबांनी दिलेला कागद वाचत गल्लोगल्ली फिरायचं. सगळी वस्ती त्यांना कर्णाकाकू म्हणते. त्यांना राग येत नाही, उलट मान ताठ होते.

त्या दिवशीचा कागद मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. "सदर टाकीतील पाणी पिण्यास योग्य असल्याचे प्रमाणित करण्यात आलेले नाही."

"साहेब, सरळ 'पाणी पिऊ नका' लिहा की!"

"तसं लिहिलं तर लोक घाबरतील, काकू. तपासणी अजून चालू आहे. आहे तसंच वाचा."

लोकांची काळजी कसली डोंबलाची! मला विचाराल तर साहेबांना स्वतःची कातडी वाचवायची होती. सासूबाईंनी वाचलं.

आता आपल्या भाषेची खोड अशी, की 'नाही' अगदी शेवटी येतं. गाडी चालती, वाक्य लांबलचक. खालच्या गल्लीने 'प्रमाणित करण्यात आलेले' इथपर्यंत ऐकलं आणि गाडी वळली. 'नाही' पडलं ते वळणापलीकडे, न्हाव्याच्या दुकानापाशी. तिथल्या लोकांना वाटलं, आता पाणीच येणार नाही. त्यांनी घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवली, त्याच पाण्याने.

दुपारी सासूबाई जेवायला बसल्या आणि ताट सरकवून उठल्या. "नळावर एक बाई बाटली भरत होती गं. माझ्याकडे बघून हसली. पिऊ नको म्हटल्यावर कुणी हसतं का?" मग घरभर येरझाऱ्या. बसा म्हटलं तर माझ्यावरच डाफरल्या. एवढ्यात माझ्या मोबाइलवर वस्तीच्या ग्रुपमधून त्यांचाच आवाज आला. कुणीतरी रेकॉर्ड केलेला, 'आलेले'वर तुटलेला. खाली लिहिलं होतं, 'पाणी चांगलं आहे. अफवांवर विश्वास ठेवू नका.'

माझी नणंद खालच्याच गल्लीत राहते. तिच्या तान्ह्या बाळाला पावडरचं दूध सुरू होतं. तिला फोन लावला, ती उचलेना. आम्ही पायात चपला सरकवून तशाच निघालो. सासूबाई दारोदार ओरडत सुटल्या, "पाणी पिऊ नका! उकळल्याशिवाय पिऊ नका!" एका आजोबांनी त्यांना मोबाइल ऐकवला. "सकाळी तुम्हीच सांगितलंत की! आता तुमचं खरं मानू, का तुमचं?"

नणंद दारातच भेटली. बाळाची बाटली रिकामी होती.

"इतके दिवस पाणी उकळूनच देत होते," ती म्हणाली. "आज तुझा आवाज ऐकला आणि म्हटलं, आई सांगतेय ना."

दुसऱ्या दिवशी बाळाला सलाईन लागलं. नणंदेने आईशी अबोला धरला. सासूबाई वॉर्डाच्या कोपऱ्यात तोंडावर हात धरून बसल्या. नर्सने काही विचारलं तर मानेनेच उत्तर. आवाज ओळखतील, ही त्यांना धास्ती.

पलीकडच्या खाटेजवळ एक माणूस डॉक्टरांशी हुज्जत घालत होता. "पाण्याचं नाव काढू नका. पालिकेने स्वतः सांगितलंय, हे ऐका." त्याने मोबाइल उंच धरला. "…पिण्यास योग्य असल्याचे प्रमाणित करण्यात आलेले…"

"नाही!"

तोच आवाज, पण कोपऱ्यातून आणि कर्ण्याशिवाय. सगळा वॉर्ड वळला. तो माणूस एकदा मोबाइलकडे बघतोय, एकदा सासूबाईंकडे.

"आलेले नाही. पुढे 'नाही' होतं हो," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मी म्हटलं होतं."

बाळ दचकलं आणि भोकाड पसरून रडायला लागलं. रात्रभर ते नुसतं कण्हत होतं, रडण्याइतकंही त्राण त्याच्यात नव्हतं. नणंदेने त्याला छातीशी धरलं आणि आईकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "परत म्हण."