स्थानकामागचे वठार

जे. पी. नगरातील आमच्या भाड्याच्या घरामागे एक वठार होते: एका अंगणाभोवती दाटीने बांधलेल्या खोल्या. कोपऱ्यातल्या खोलीत आमच्याकडे श्राद्धाचा स्वयंपाक करणाऱ्या अक्का राहत. वैधव्य लवकर आलेले. सोवळ्यातला स्वयंपाक हीच त्यांची विद्या आणि हीच उपजीविका. श्राद्धाच्या दिवशी पहाटे स्नान करून त्या ओलेत्याने निघत, आणि समोरून येणारे सारे, फळांची गाडी ढकलणारे भाईसुद्धा, निमूटपणे बाजूला होत. स्पर्श होऊ न देणे, एवढीच त्या गल्लीने त्यांना दिलेली दक्षिणा.

मेट्रोचे स्थानक उभे राहिले तेव्हा मी ती ईश्वराची कृपा मानली. पुढे कळले की स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरात अधिक मजले चढवण्याची मुभा मिळणार आहे. वठाराच्या मालकांनी जागा विकली. अक्कांना खोली मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरच्याही पलीकडे. तिथून मेट्रो नाही, आणि पहाटे बसही सुटत नाही.

या वाढीव मजल्यांच्या योजनेवरील हरकती ऐकण्यासाठी सभा भरली, तेव्हा मी अक्कांना घेऊन गेलो. भिंतीवर रंगीत नकाशा होता. नव्या इमारतींत थोड्या लहान खोल्या जुन्या भाडेकरूंसाठी राखाव्यात, अशी मी विनंती केली. ज्यांना मेट्रोची खरी गरज, तेच मेट्रोपासून दूर ढकलले जात आहेत, हेही सांगितले. तरुण अधिकाऱ्यांनी मला अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणत माझे आदराने ऐकले आणि ही योजना जागामालकांपुरती आहे, भाडेकरू तिच्यात येत नाहीत, असे शांतपणे समजावले. संकल्प करताना आपण प्रथम आपले स्थान उच्चारतो, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर आहोत ते. त्या नकाशावर अक्का कोठेच नव्हत्या. परतताना त्या हसून म्हणाल्या, "माझा रंग कुठला होता हो अण्णा, त्यात?"

यंदा वडिलांच्या तिथीला त्या दोन बस बदलून आल्या. गर्दीत सोवळे कसले राहणार. आमच्याकडे पुन्हा स्नान करून त्यांनी चूल पेटवली. श्राद्धाचा अपराह्णकाळ सरत आला तरी पाने मांडली गेली नव्हती. भोजनाला बसायचे ब्राह्मण घड्याळ पाहत होते. त्यांतले वडीलधारे म्हणाले, "अक्का, पितर बेळ्ळंदूरच्या सिग्नलला अडकले की काय?"

"माझ्याच बसमध्ये होते, स्वामी. उभेच होते बिचारे."

सारे हसले. मला हसता आले नाही.

सगळे आटोपल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बाकीच्या घरांनी श्राद्धाचे तयार जेवण मागवायला सुरुवात केली होती, हे मला ठाऊक होते. "अण्णा, पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघा. एका घरासाठी एवढ्या लांबून नाही झेपत आता."

मग करणार काय, असे मी विचारले. त्यांनी आपली पिशवी उचलली. आमच्याकडेच राहा, हे शब्द ओठांवर आले होते. पण आमच्याही घरमालकांचा मुलगा नुकताच माणसे घेऊन आवार मोजून गेला होता. जे माझ्या हाती नाही ते कसे द्यावे? त्यांना बहुधा समजले. "सरी, बरं अण्णा," म्हणून त्या मेट्रोच्या खांबाखालच्या बसथांब्याकडे गेल्या. डोक्यावरून गाडी गेली.

त्या सायंकाळी संध्येला बसलो. संकल्पात स्थान उच्चारण्याची वेळ आली आणि हातातले पाणी तसेच गळून गेले.