सून छाप वखर

लग्न होऊन मी रिठदला आले तेव्हा एकच गोष्ट मला झकास जमायची, रांगोळी. सासरे गावचे सुतार. त्या उन्हाळ्यात त्यांनी रिसोडच्या बाजारासाठी पेरणीआधी जमीन भुसभुशीत करायचे सहा वखर आगाऊच घडवले. शहरातून येणाऱ्या नांगरांवर छाप असते, मग आपल्या वखरावर काहून नाही, हे त्यांच्या डोक्यात बसलं.

"बाई, छाप तू काढ," म्हणाले. "नाव लक्ष्मी ठेवून राह्यलो."

मी अशी हुरळले म्हणता! वखराच्या आडव्या लाकडावर कोळशानं लक्ष्मीची पावलं काढली, सासऱ्यांनी ती पटाशीनं कोरली. सासूबाईंनी लगेच हळदकुंकू वाहिलं.

बाजारात लोक यायचे, वखराला हात जोडायचे आणि पुढे जायचे. शेवटी एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "मिस्त्री, वखर खोल घुसाले त्या लाकडावर उभं राहा लागते. लक्ष्मीवर पाय देऊ काय मी?"

अगं बाई! माझे वडील दर उन्हाळ्यात वखरावर उभे राहायचे, ते बघत मी वाढले, आणि मला एवढं सुचू नये? सहाही वखर गाडीत घालून परत आणले. पावलं तासून टाकावीत, तर तेही कुणाच्यानं होईना. सासरे रंधा उचलायचे, पुन्हा खाली ठेवायचे. पेरणी तोंडावर आलेली आणि त्यांची सगळी मेहनत माझ्यापायी पडून. मी चुलीपुढे बसून रडले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी धीर करून म्हटलं, "मामाजी, आडवी लाकडं बदला. पावलांची लाकडं देवळाच्या खिडक्यांवर बसवा. अन् छाप रुमण्यावर घ्या, धरायच्या दांड्यावर, मुठीपाशी. तिथं हातच लागते."

त्यांनी आडवी लाकडं बदलली आणि कोळसा पुढे केला. मी रुमण्यांवर ज्वारीचं कणीस काढलं.

आठवड्यानं तोच म्हातारा घरी आला. मी दाराआड, जीव मुठीत धरून. त्यानं रुमणं निरखलं.

"कणीस छाप काय?"

"कणीस तं कोणीबी काढन," सासरे म्हणाले. "सून छाप हाये. माह्या सुनेनं चूक केली, अन् तिनंच सुधरवली."

म्हाताऱ्यानं मान डोलावली, आणि त्या नव्या लाकडावर दणकन पाय ठेवून उभा राहिला.