दाराआडचा बोर्ड

गल्लीत त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण मिसरूड फुटल्यापासून तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होता. ट्रम्पेट नुसता ओठांनी वाजतो असं लोकांना वाटतं. पण ओठांना आधार लागतो तो पुढच्या दातांचा. तिथला दात गेला की सूर फाटतो, आणि सूर फाटला की बँडमालक हातात खुळखुळा देतो. खुळखुळेवाल्याची मजुरी निम्मी.

भोंग्याचा नेमका तोच दात किडला. सरकारी दवाखान्यात त्याने खिडकीवर पैसे भरले. डॉक्टरीणबाईंनी दात मुळापर्यंत कोरला, औषध भरलं, वर तात्पुरतं कच्चं सिमेंट लावलं आणि बजावलं, "पुढच्या आठवड्यात या. दात वाचवायचाय ना?"

भोंगा गेलाच नाही. बँडवाल्याचा हिशोब त्याच्या अंगात मुरलेला. जितक्या वराती तितके वेगळे पैसे. दवाखानाही तसाच चालत असणार, हे त्याने गृहीतच धरलं.

"अहो, जाऊन या ना," बायकोने पिच्छा पुरवला.

"दर खेपेला पैसे मोजायला मी काय खजिना पुरून ठेवलाय? लग्नसराई लागू दे, मग बघू."

लग्नसराईआधीच सिमेंट पडलं. ठणका गिळून तो वाजवत राहिला. एका सकाळी दाताचा तुकडाच हातात आला, तेव्हा शेजाऱ्याकडून उसने घेऊन तो धावत सुटला.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि मान हलवली. "उभा चिरलाय. काढावाच लागेल आता. इतके दिवस होतात कुठे?"

खिडकीवर त्याने नोटा सरकवल्या, तर कारकुनाने त्या परत ढकलल्या.

"काका, पैसे कसले? एका उपचाराचे एकदाच भरायचे. मग फेऱ्या कितीही होऊ देत."

भोंग्याने नोटा मुठीत चुरगळल्या. "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"बोर्डावर लिहिलंय की."

"कुठाय बोर्ड?"

कारकुनाने मान वर न करता दाराकडे बोट केलं. दाराआडच्या भिंतीवर बोर्ड होता, चांगला ठळक अक्षरांतला. पण दार आत उघडलं की थेट त्याच्यावरच जाऊन टेकायचं, आणि दवाखाना चालू असेपर्यंत दार उघडंच. कुणा शहाण्याने तो तिथे ठोकला होता आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात घरी गेला होता! भोंग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका माणसाची रोजीरोटी गेली, आणि नियमाप्रमाणे चूक कुणाचीच नाही.

त्याने दार धाडकन लावलं.

"ओ काका, दार उघडा! बाहेर रांग आहे!" कारकून ओरडला.

भोंग्याने दाराला पाठ लावली आणि बोर्ड पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतला. बाकावर सुजलेला गाल धरून बसलेली एक म्हातारी मध्येच म्हणाली, "म्हणजे पैसे जमेपर्यंत मी उगाच थांबले होते की काय रे, बाबा?"

भोंग्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, दार उघडलं, आतल्या खोलीत जाऊन खुर्चीत बसला आणि डॉक्टरीणबाईंपुढे तोंड उघडलं.