देणगी कुठे द्यावी, ते माइकमामांना विचारा

माइकमामा निम्मे बहिरे होते आणि भिवंडीत त्यांच्याइतकं लोकांना दुसरं कुणी हसवत नसे. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी निजामपुऱ्यात बिघडलेले लूम दुरुस्त करण्यात घालवली, त्यात कान गेले. त्या खडखडाटात कामगार हातवाऱ्यांनी बोलतात. मामा तिथे शेठच्या चालण्याची, मुकादमाच्या पोटाची नक्कल करायचे आणि कोण हसतंय ते बघायचे. मला म्हणायचे, "हसू ऐकायचं नसतं सुपरवायझर, बघायचं असतं." मी वळ गावातल्या एका गोदामात सुपरवायझर, म्हणून मला त्यांनी दुसरी हाक कधी मारलीच नाही.

हळद असो, शाळेचं गॅदरिंग असो, एकदा हातात घेतलेला माइक मामा सोडत नसत. जाता जाता मात्र गंभीर चेहऱ्याने एखाद्या संस्थेचं नाव घ्यायचे आणि सांगायचे, हसलात ना, आता तिथे एक गोणी तांदूळ पाठवा. लोक खरंच पाठवायचे. मला ते खटकायचं. जो माणूस प्रत्येक नवरदेवाला राजबिंडा म्हणतो, त्याच्या सांगण्यावरून दान करायचं? हे मी त्यांना तोंडावर बोललो. ते जराही रागावले नाहीत.

"बरोबर हाय. माझ्या तोंडावर भरोसा ठेवूच नका. तोंडाचे मी पैसे घेतो. डोळ्यांचे घेत न्हाय."

त्याच सुमारास आईचं वर्षाचं पुण्यस्मरण आलं. इथे मला कबुली द्यायला हवी. ती गेली त्याच्या आदल्या दुपारी तिचा फोन आला होता. गोदामात माल उतरवायला ट्रक लागला होता. नंतर करतो म्हणालो, कट केला आणि विसरलो. सकाळी शेजारणीचा फोन आला. आईला काय सांगायचं होतं, या प्रश्नाने मला वर्षभर नीट झोपू दिलं नव्हतं. तिच्या नावाने एखाद्या वृद्धाश्रमाला दान द्यायचं, एवढंच मला सुचत होतं. एक संस्था मी हेरलीही होती. तिथले संचालक हळू बोलायचे, आणि आईचं ऐकून त्यांचे डोळे भरले होते. मला असाच गंभीर माणूस हवा होता.

मामा म्हणाले, द्या की, पण आधी तिथे माझा एक कार्यक्रम ठेवा, फुकट.

मामांनी पहिलीच नक्कल केली ती संचालकांची. तो दबका आवाज, ते रुमाल शोधणं! मी तोंडात रुमाल कोंबून बसलो. आश्रमातल्या सगळ्यांच्या माना मात्र आधी संचालकांकडे वळल्या. ते हसले, मग सगळे एकदम हसले आणि एकदम थांबले. मामांनी पाच मिनिटांत कार्यक्रम गुंडाळला, दोन बिस्किटं खाल्ली आणि मला रिक्षात घातलं.

"इथं नको."

"का? हसले की सगळे."

"परवानगी घेऊन हसले."

दुसऱ्या रविवारी ते मला गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथेही निराधार म्हातारी माणसं राहायची आणि त्यांचं सगळं एक धिप्पाड ताई बघायच्या. मामांनी त्यांची नक्कल सुरू केली, तोच एक आजी उठल्या. "ती अशी न्हाय चालत. बस खाली." आणि त्यांनी चक्क माइक काढून घेतला! मग आजींनी ताईंचं चालणं दाखवलं, एका आजोबांनी ताईंचं घोरणं. ताई हातात पळी घेऊन हसत हसत दम देत होत्या की उद्या चहात साखर मिळणार नाही. "आज तरी कुठं हाय?" आजोबांनी विचारलं. मामा रिकाम्या हातांनी खुर्चीत बसले होते आणि पोट धरून हसत होते.

आजींनी माइक माझ्यापुढे धरला. तुला कुणाची येते? मला काय झालं कळेना, मी आईची केली. माणूस लांब आहे तर ओरडूनच बोलावं लागतं, असं मानून ती फोनवर बोलायची. "हॅलोऽ! जेवलास काऽ? डबा परत आण! ह्याही वेळी हरवलास तर पानावर जेव!" शेड दणाणून गेली. मीही हसत होतो, आणि हसता हसताच तोंडून निघून गेलं की शेवटचा फोन मी कट केला होता, तिला काय सांगायचं होतं कुणास ठाऊक.

आजींना त्यात अवघड काही वाटलंच नाही. "काय सांगनार? आमी पन पोरांना फोन लावतो की. जेवलास का, एवढंच इचारायचं असतं रं."

दान तिथेच दिलं. मामा गेल्या वर्षी गेले. जेवणाच्या सुट्टीत मी आता त्या शेडमध्ये फोन लावतो. ट्रक लागलेला असला तर ड्रायव्हर हॉर्न मारत बसतो. मी लक्ष देत नाही. तिकडे आजींनी फोन उचलला की, त्यांना संधी मिळायच्या आत मीच ओरडतो, "जेवलात काऽ?"